दुसऱ्याच्या अंगरख्यातला राजा

एखादा माणूस जन्मभर गायला, हे सिद्ध करायला कुठला कागद लागतो, सांगाल?

नगरच्या एका कचेरीत आमच्या मामांकडे हा कागद मागितला गेला. टेबलापलीकडचा माणूस वाईट नव्हता. त्यानं खुर्ची दिली, पंख्याचं तोंड आमच्याकडे फिरवलं आणि समजावून सांगितलं, "आजोबा, वृद्ध कलावंतांच्या मानधनाच्या यादीत यायचं तर पुरावा पाहिजे. हँडबिल, पोस्टर, पेपरातलं कात्रण, काहीही चालेल. फक्त त्यावर तुमचं नाव पाहिजे."

"नाव न्हाई," मामा म्हणाले.

"एकाही हँडबिलावर?"

"एकाबी न्हाई."

"मग तुम्ही नाटकात होतात कशावरून?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. भांडायची वेळ आली तर असावी, म्हणून मी सोबत गेले होते. भांडणात माझं नाव आहे. पण त्या दिवशी प्रश्न चुकीचा नव्हता.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. आमचा छापखाना विणकरांच्या आळीच्या तोंडाशी आहे आणि मामा त्या आळीत एका खोलीत राहतात. मी पत्रकांत वाढले. मोर्चाची पत्रकं, संपाची पत्रकं, निषेधाची पत्रकं. आणि त्यांच्यावर पोट भरत नाही म्हणून लग्नपत्रिका, मूळव्याधीच्या जाहिराती. छापलेला मजकूर तपासायची आमची जुनी पद्धत अशी की एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर बोट फिरवत जायचं. वाचायचं काम मामांचं. सकाळी दहाला ते यायचे, पायरीवर चपला काढायचे आणि जी खुर्ची रिकामी असेल तिच्यात बसायचे. खुर्चीचा मालक आला की बोलता बोलता उठून दुसरीत. त्यांची अशी खुर्ची कधी ठरलीच नाही.

वाचायला लागले की रस्त्यावरची माणसं थांबायची. मूळव्याधीची जाहिरात ते राज्यत्याग करणाऱ्या राजाच्या आवाजात वाचायचे. "एकदा अवश्य भेटा" या शब्दांवर त्यांचा गळा असा दाटायचा, की एकदा एक सायकलवाला उतरून खरोखरच पत्ता घेऊन गेला. लग्नपत्रिका वाचताना ते अठरा वर्षांचे व्हायचे. दशक्रियेचं कार्ड मात्र सरळ, सपाट वाचायचे, बाजारची यादी वाचावी तसं.

"हे का हो असं?" मी एकदा विचारलं.

"तिथं खरा मानूस गेलाय, पोरी. तिथं आपलं काय काम?"

माझी पत्रकं ते खलनायकाच्या आवाजात वाचायचे. मी चिडायचे. "मामा, ही कष्टकऱ्यांची बाजू आहे!"

"व्हय की. पन लिवनारीन वराडतीय. नाटकात जो पयल्या प्रवेशापासनं वराडतो ना पुढारीनबाई, तो तिसऱ्या अंकात मरतो. जरा हळू लिव. लोक कान देतील."

अप्पा, म्हणजे माझे वडील, कागदात तोंड घालून हसायचे.

मामांच्या घरात तेलुगू बोलत. वडील मागावर लुगडी विणायचे, आई विड्या वळायची. मराठी त्यांच्याकडे आधी गाण्यांतून आली, बोलणं मागाहून. म्हणूनच की काय, रागावले की ते शुद्ध नाटकी मराठीत जायचे, आणि खुशीत असले की नगरच्या बोलीत यायचे. सतरा वर्षांचे असताना गावात संगीत नाटकाची एक फिरती कंपनी आली. कंपनीचा जरीचा अंगरखा फाटला. आळीतलं हे पोर रफू चांगला करतं, असं कुणीतरी सांगितलं. मामा सुई-दोरा घेऊन तंबूत गेले आणि कंपनी मोडेपर्यंत परत आले नाहीत.

रफूगार विंगेत बसतो. तिथं बसून मामांनी सगळं नाटक कानांनी टिपलं. प्रत्येक नटाकडे त्याच्या भाषणांची वही असते, तिला नक्कल म्हणतात. मामांना नक्कल कधी कुणी दिली नाही, कारण त्यांना काम नव्हतं. कर्जतच्या मुक्कामी राजपुत्राचं काम करणाऱ्याचा घसा बसला. मॅनेजर डोक्याला हात लावून तंबूत फिरत होता, "कुणाला येतं का रे याचं काम?"

सुईवरची नजर न काढता मामा म्हणाले, "मला येतं."

"राजपुत्राचं?"

"समद्यांचं."

तेव्हापासून ते कंपनीचे बदली नट झाले. ज्याची प्रकृती बिघडेल, ज्याच्या घरी सुतक येईल, जो पगारावरून भांडून निघून जाईल, त्याच्या जागी उभं राहायचं. पेटीवाला कुठल्याही पट्टीत सुरू करो, मामा त्या माणसाच्या आवाजात गायचे. त्याचा श्वास जिथं तुटायचा तिथंच यांचा तुटायचा. यात त्यांना अभिमान होता. "रफू दिसला, तर रफूगार कच्चा," असं ते म्हणायचे.

हे वाक्य मला कधी पटलं नाही. आजही पटत नाही. पुढं त्याचाच गैरफायदा घेतला गेला. कंपनीचे मुख्य नट होते, त्यांना सगळे मोठे मास्तर म्हणायचे. पुण्या-मुंबईला त्यांचं मोठं नाव. खेड्यांतल्या जत्रांना जायचा त्यांना कंटाळा. धूळ घशात जाते म्हणायचे. मग मॅनेजरनं एक युक्ती काढली. हँडबिलावर मोठ्या मास्तरांचं नाव, आणि आत अंगरख्यात मामा. ते बुटके, म्हणून बुटांना आतून बुचाच्या टाचा. मोठ्या मास्तरांचा अंगरखा कमरेत चार बोटं आत घेतलेला, प्रयोग झाला की टाके उसवून पुन्हा पहिल्यासारखा. जागेत बदल झालाय हे सांगायला पडद्यापुढं कुणी आलं नाही. तिसगाव, नेवासा, कर्जत, पाथर्डी, वर्षानुवर्षं लोकांनी मोठे मास्तर म्हणून मामांना पाहिलं.

"ही शुद्ध फसवणूक आहे," मी म्हणाले. "लोकांची आणि तुमचीही."

"लोकांची कशी? गानं कमी पडलं का त्यांना?"

"मग तुमची."

यावर ते चष्मा पुसायला लागले.

त्यांचं लग्न ठरत होतं एकदा. मुलीकडची माणसं बैलगाडी जुंपून नाटक पाहायला आली. दुसऱ्या दिवशी बोलणी. मुलीच्या बापानं विचारलं, "काल तुमी कोन हुता?" मामा म्हणाले, "राजा." बाप म्हणाला, "राजा तर मोठे मास्तर हुते. हँडबिल हाय माझ्याकडं." मामांना खरं सांगायची बंदी होती. जावई थापाड्या आहे, असं ठरवून मंडळी जेवण न करता उठली. ही गोष्ट मामा हसत हसत सांगायचे, त्या बापाची नक्कल करून. त्या मुलीविषयी त्यांनी कधी काही सांगितलं नाही, आणि दुसरी मुलगी पाहिली नाही.

कचेरीतून आलो त्याच्या चौथ्या दिवशी मामा छापखान्यात आले ते प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. आत एक जुनं हँडबिल, तपकिरी पडलेलं. मोठ्या मास्तरांचं नाव इतकं ठसठशीत, की कागदाच्या मागून हाताला लागावं.

"असलाच कागद मिळंल का?" त्यांनी हळूच विचारलं. "असंच अक्षर. त्यांच्या खाली माझं नाव. बारीक चालंल."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. त्याच महिन्यात मी एक पत्रक काढलं होतं. खोटी कात्रणं जोडून कलावंतांच्या यादीत घुसलेल्यांवर. ते मोठ्यानं वाचलं होतं मामांनीच. आणि आता तेच मला खोटं हँडबिल छापायला सांगत होते.

मी बोलले. पुष्कळ बोलले. एक खोटा कागद शंभर खऱ्या माणसांची वाट कशी अडवतो, ते बोलले. मशीनवरचा माणूस मशीन थांबवून ऐकत राहिला. मामांनी हँडबिल घडीवर घडी घालून पिशवीत ठेवलं.

"तुझं बराबर हाय," ते म्हणाले आणि चपला घालून गेले.

ते आठ दिवस आले नाहीत. मजकूर अप्पाच वाचत होते. दोन लग्नपत्रिकांत चुका राहिल्या. शेवटी अप्पा म्हणाले, "तू बरोबर होतीस. पण एवढ्या मोठ्यानं बरोबर असायचं काय कारण होतं?"

मी मामांच्या खोलीवर गेले. संध्याकाळचे पावणेपाच असतील. इतक्या वर्षांत मी त्या खोलीत पहिल्यांदाच जात होते. एक खाट, एक स्टोव्ह, एक खुर्ची. मामा गुळगुळीत दाढी करून, धुतलेला सदरा घालून, कोमट पाण्याचा तांब्या पुढ्यात घेऊन बसले होते.

"कुठं निघालात का?"

"न्हाई गं. चार वाजले की मी घरीच असतो."

मग त्यांनी सांगितलं. नट आजारी पडल्याचं कंपनीत चारच्या सुमाराला कळतं. दुपारची झोप झाली, गळा लावून पाहिला, लागत नाही, की माणूस धावत बदली नटाकडे. म्हणून चार ते सहा घर सोडायचं नाही. दाढी सकाळ-संध्याकाळ करायची, कुणाची मिशी चिकटवावी लागेल सांगता येत नाही. दही, चिंच, लोणचं वर्ज्य. कंपनी मोडून चाळीस वर्षं होत आली होती. मामा रोज चार वाजता दाढी करून बसत होते.

मी खाटेवर बसले. माफी मागायला आले होते, पण माफी मागता येईना, कारण ते हँडबिल मी आजही छापलं नसतं. मी एवढंच विचारलं, "मामा, मानधनासाठी का हो? आपण दुसरं काही बघू. अप्पा आहेत."

"मानधनाचं काय घिऊन बसलीस," ते म्हणाले. "उद्या मी मेलो, तर दाखल्यावर धंदा काय लिवतील? रफूगार. लिवू देत, तेबी खरंच हाय. पन ते निम्मं हाय. उरलेलं निम्मं कुटंच लिवलेलं न्हाई, पोरी. एका तरी कागदावर असावं, का हा मानूस गायला."

ज्यांच्याकडे कागद नाहीत, त्यांना समितीपुढं प्रत्यक्ष गाऊन दाखवायची सोय आहे, हे मी शोधून काढलं. अर्ज लिहिला, मागे लागले, तारीख मिळवली. मामा जायला तयार नव्हते. पेटीवाला मिळाल्यावर तयार झाले.

समितीत तिघं होते. मधले गृहस्थ पिकल्या केसांचे, गाण्यातले जाणकार. मामा उभे राहिले आणि गायले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो आवाज कुठून आला, मला माहीत नाही. छापखान्यात मी ज्याला हसत होते, तो हा नव्हता. दाराशी फायली घेऊन उभी असलेली बाई तशीच उभी राहिली. मधल्या गृहस्थांचे डोळे भरले.

"आजोबा," ते म्हणाले, "तुम्ही माझं लहानपण आणून दिलंत. नेवाशाच्या जत्रेत वडिलांच्या खांद्यावर बसून मी मोठ्या मास्तरांना ऐकलं होतं. हुबेहूब तोच गळा, तीच फिरत! पण हे झालं त्यांचं अनुकरण. आता तुमचं स्वतःचं काहीतरी म्हणा."

पेटीवाल्यानं सूर धरला. मामांनी तोंड उघडलं. सूर चालू राहिला आणि ते तसेच उभे राहिले. डोळे एकदा छताकडे गेले, एकदा माझ्याकडे आले. मग त्यांनी हात जोडले.

"साहेब, माझं... ते कुनी मागितलं न्हाई कधी."

अर्ज नामंजूर झाला नाही. शेरा पडला की अर्जदारास रंगमंचावर प्रत्यक्ष पाहिलेल्यांच्या लेखी साक्षी जोडाव्यात. मधले गृहस्थ दारापर्यंत सोडायला आले, मामांच्या पाया पडले.

परतताना रिक्षात मी धुमसत होते. मामा बाहेर बघत होते. स्टँडजवळ आल्यावर म्हणाले, "नेवाशाच्या जत्रंला मोठे मास्तर कधीच गेले न्हाईत. एकदाबी न्हाई."

मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. "म्हणजे त्यांनी ऐकलं ते तुम्हाला! अहो, मग तिथंच का नाही सांगितलंत? चला, परत फिरू."

"बस खाली."

"मामा, तो माणूस स्वतः तुमचा साक्षीदार आहे!"

"त्याचे डोळे भरले हुते," मामा म्हणाले. "बापाच्या खांद्यावर बसल्यालं आठवत हुतं त्याला. त्याला सांगू, का तुझ्या बापानं तुला खोटा राजा दाखिवला? ऱ्हाऊ दे. तू बी सांगनार न्हाईस. शपथ घे."

मी शपथ घेतली. आजवर कुठल्याही साहेबापुढं इतकी हतबल झाले नव्हते.

त्यानंतर साक्षींचं काम तसंच पडून राहिलं. मी तिसगावला गेले ते ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली पोरं शाळेत राहावीत यासाठीची पत्रकं वाटायला. आठवडी बाजार होता. मिरच्या विकणारी एक म्हातारी, सत्तरीच्या पुढची, पत्रक उलटंपालटं करून म्हणाली, "नाटकाचं हाय का?"

"नाही आजी. तुम्ही नाटकं पाहता?"

"आता कुटली! आमच्या टायमाला मोठं मास्तर आल्तं हितं. ह्या डोळ्यांनी पायलंय म्या. लई रडीवलं हुतं. पर येक सांगू का? डावरा हुता राजा."

"डावरा?"

"तलवार डाव्या हातानं उपसली, तीबी उलटी. आमचं मालक तितंच मोट्यानं म्हन्लं, 'राजा डावरा, राज्य बुडनार!' समदी हसली. पर राजा काय हसला न्हाई. गायाला लागला, अन् मंग हसनारीच रडाया लागली. मालक मरूस्तवर घरात कायबी सांडलं-लवंडलं की म्हनायचं, राजा डावरा!"

मोठ्या मास्तरांच्या किती तसबिरी मी पाहिल्या होत्या. सगळ्यांत तलवार उजव्या हातात. आणि मामा डाव्या हातानं जेवतात, डाव्या हातानं सुई धरतात, डाव्या हातानं मजकुरावर खुणा करतात. रोज पाहत होते मी.

मिरच्यांच्या पोत्यावर कागद ठेवून तिनं सांगितलं तसं, तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. अंगठ्यासाठी शाई शोधायला लागले तर ती रागावली. "सई येती मला!" तिनं पाच मिनिटं लावून सही केली.

दुसऱ्या दिवशी तो कागद मी मामांना वाचून दाखवला. त्यांनी मधे थांबवलं. "काय म्हन्ले तिचे मालक?"

"राजा डावरा, राज्य बुडणार."

"पुन्यांदा वाच."

मी वाचलं. मग ते इतके हसले, की खोकल्याची उबळ आली. "तेवढं मला जमलंच न्हाई, पोरी. समदं उचललं त्यांचं. श्वास उचलला, चाल उचलली. पन तलवारीवर हात जायची येळ आली, का उजव्याच्या आधी डावा गेल्याला असायचा. मॅनेजर विंगंतनं शिव्या घालायचा. किती येळा हात बांधून तालीम केली." हसू ओसरल्यावर ते बराच वेळ आपल्या डाव्या हाताकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजे मला कुनीतरी बघत हुतं."

मी शपथेतून मोकळं करायला सांगितलं. त्यांनी रात्रभर विचार केला आणि होकार दिला. अट एकच, त्यांचं स्वतःचं नाव लिहायचं नाही. मी हट्ट केला नाही. नाव लिहून उपयोगही नाही, कारण तुम्हाला ते कधी सांगितलंच नव्हतं.

एक साक्ष पुरेशी नाही, आणखी हव्यात, असं कचेरीनं कळवलं आहे. म्हणून हे लिहिते आहे, आणि मामांनी सांगितलं तसं, न ओरडता. तुमच्या घरात, भावकीत, पारावर कुणी जुनं माणूस सांगत असेल की आम्ही जत्रेत मोठ्या मास्तरांना पाहिलं, तर त्यांना एवढंच विचारा: राजानं तलवार कुठल्या हातानं काढली? आपण होऊन उत्तर सुचवू नका. उजव्या म्हणाले तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. आठवत नसेल तर लिहू नका. दया म्हणून दिलेली साक्ष खोट्या हँडबिलाइतकीच खोटी. पण डाव्या म्हणाले, तर गाव, नाटक आणि जे आठवेल ते त्यांच्याच शब्दांत साध्या कागदावर उतरवा आणि खाली त्यांची सही घ्या. नेवाशाच्या त्या जाणकार गृहस्थांनाही माझं हेच मागणं आहे. साहेब, तुमच्या वडिलांनी तुम्हाला खोटं काही दाखवलं नव्हतं.

आणि तो कागद पोस्टानं पाठवू नका. नगरला या, विणकरांच्या आळीत कुणालाही रफूवाले कुठं राहतात ते विचारा. खोलीत खुर्ची एकच आहे, ती ते तुम्हाला देतील. तुम्ही बसा, आणि कागद हातात देण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवा.